परदेशातील अभ्यासक्रम आणि उल्हासचे पाणी

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथून पदवीधर झाल्या. तेथील प्रबंधासाठी त्यांनी जो विषय घेतला, तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा होता. शिक्षण परदेशातले, परंतु प्रश्न घरचा, हे त्या निवडीचे मर्म होय. आज ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील अनेक तरुण अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परदेशी जातात. त्यांपैकी काही जण तेथे शाश्वत विकासाशी संबंधित अभ्यासक्रम निवडतात. ही निवड कोणत्या दृष्टीने व्हावी, याचा विचार येथे केला आहे.

शाश्वत विकास म्हणजे काय ?

आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांची गरजा भागविण्याची क्षमता बाधित होऊ न देणे, ही शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने रूढ केली. अभियंत्याच्या दृष्टीने तिचा अर्थ साधा आहे. एखादा पूल, कारखाना वा नळयोजना उभारताना केवळ मजबुती व खर्च पाहून भागत नाही. पाणी, ऊर्जा आणि कचरा यांचाही हिशेब मांडावा लागतो.

या हिशेबाची निकड आपल्या जिल्ह्यास वेगळी सांगावयास नको. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी बदलापूर, कल्याण या शहरांजवळून वाहत खाडीस मिळते. तिच्याच पाण्यावर लाखो लोकांची तहान भागते आणि तिच्यातच सांडपाणीही येऊन मिळते. शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, त्या नदीचे आज नाल्यात रूपांतर झाले आहे.

तंत्र कोठले, हवामान कोठले ?

सांडपाणी शुद्ध करण्याची ‘सक्रिय गाळ’ पद्धत १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सिद्ध झाली. या संशोधनास प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. या पद्धतीत सूक्ष्म जीवांना सतत हवा पुरवावी लागते आणि त्यासाठी वीज लागते. वीज खंडित झाली की शुद्धीकरणही थांबते.

नेदरलँड्समध्ये १९७० नंतरच्या दशकात निराळी पद्धत विकसित झाली. तीत सांडपाणी तळातून वर, गाळाच्या थरामधून चढविले जाते. हवेविना जगणारे सूक्ष्म जीव त्यातील घाण कुजवितात आणि जळाऊ वायूही मिळतो. हे जीव उबदार पाण्यात जोमाने काम करतात. त्यामुळे घरगुती सांडपाण्यासाठी ही पद्धत थंड नेदरलँड्सपेक्षा उष्ण प्रदेशांना अधिक मानवली. १९८९ साली कानपूर येथे भारत व नेदरलँड्स यांच्या सहकार्याने तिचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. अर्थात या टाकीतून निघणारे पाणी पुरेसे शुद्ध नसते; त्यावर पुढील प्रक्रिया करावीच लागते.

या उदाहरणातील धडा असा की, परदेशी तंत्र जसेच्या तसे उचलून चालत नाही. आपले तापमान, पाऊस, विजेची उपलब्धता आणि देखभालीची व्यवस्था यांवर ते पारखून घ्यावे लागते. वर्गात हा प्रश्न विचारणारा विद्यार्थीच तंत्राचे मर्म जाणून घेईल.

उपयुक्त विषय

सांडपाणी प्रक्रियेखेरीज आणखी दोन विषय उपयुक्त आहेत. पहिला, वस्तूच्या जीवनचक्राचे मूल्यमापन. कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत लागणारी ऊर्जा व होणारे प्रदूषण त्यात मोजले जाते. कल्याणची आधारवाडी कचराभूमी २०२१ मध्ये बंद झाली. ओला कचरा दूर वाहून न्यावा की प्रभागातच त्याचे खत वा वायू करावा, याचे उत्तर अशा मूल्यमापनातून मिळते.

दुसरा विषय पूरनियोजनाचा. २६ जुलै २००५ च्या महापुराने कल्याण परिसराची दैना केली. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारांवर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नेदरलँड्सने केवळ बांध उंच न करता नदीस पसरण्यासाठी जागा मोकळी करून देण्याचे धोरण राबविले. नदीकाठच्या बांधकामांस परवानगी देताना हा विचार आपणासही उपयोगी पडेल.

पूर्वतयारी व शिष्यवृत्ती

युरोपातील अनेक विद्यापीठांत पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा व एका सत्राचा ३० श्रेयांकांचा असतो. एका सत्रापुरते जाणाऱ्या विद्यार्थ्याने कोणते विषय येथे ग्राह्य धरले जातील, याची आपल्या महाविद्यालयाकडून जाण्यापूर्वीच लेखी संमती घ्यावी. अन्यथा श्रम व पैसा खर्चूनही वर्ष वाया जाण्याचा संभव असतो.

परदेशातील पदव्युत्तर पदवी व पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरिता राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची योजनाही आहे, तसेच केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील होतकरू मुलांपर्यंत ही माहिती पोहोचविण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्य करू शकतात. जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेवर मिळतील, हे पाहणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे. एका दाखल्याच्या विलंबाने प्रवेशाची मुदत टळू शकते.

विद्यार्थी निघण्यापूर्वी शिक्षकांनी त्यास एकदा उल्हासच्या किंवा वालधुनीच्या काठी न्यावे आणि गावातील एखादा प्रश्न लिहून घेण्यास सांगावे. परत आल्यावर त्याचे उत्तर ग्रामसभेत वा नगरपालिकेत ऐकण्याची तयारी आपणही ठेवली पाहिजे. ज्ञान परदेशातून आणता येते. मात्र ते कामी लावणे हे इथल्या यंत्रणेच्याच हाती आहे.