वृद्ध मांजराचा दीर्घ आजार आणि स्टिरॉइडचा उपचार

घरातील धान्य उंदरांपासून राखणारा प्राणी म्हणून मांजर माणसाच्या आश्रयाला आले आणि कालांतराने घरचेच होऊन गेले. सकस आहार, लसीकरण व वेळेवर उपचार मिळाल्यास आज अनेक मांजरे पंधरा वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक जगतात. आयुर्मान वाढले, त्याबरोबर उतारवयातील व्याधीही वाढल्या. आतड्यांचा जुनाट दाह, दमा, लसिका पेशींचा कर्करोग म्हणजेच लिम्फोमा, यांसारख्या आजारांत पशुवैद्यक बहुधा स्टिरॉइड वर्गातील औषध देतात. ते महिनोन् महिने, कधी अखेरपर्यंत द्यावे लागते. या औषधाविषयी जनमानसात जशी भीती आहे, तसाच बेफिकीरपणाही आहे. दोन्ही मांजराच्या जिवावर बेतू शकतात. यास्तव या उपचाराची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

औषधाचे स्वरूप

मूत्रपिंडांजवळ असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला अत्यावश्यक असा कॉर्टिसॉल नावाचा स्राव निर्माण करतात. या ग्रंथींच्या स्रावांवरील संशोधनाबद्दल एडवर्ड केंडॉल, तादेउश राइशस्टाइन आणि फिलिप हेंच या शास्त्रज्ञांना १९५० साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे या स्रावासारखी कृत्रिम औषधे तयार झाली. ती दाह शमवितात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा सौम्य करतात. लिम्फोमामध्ये रोगट पेशींचा नाशही त्यांच्यामुळे होतो.

मांजरांसाठी यांपैकी प्रेडनिसोलोन हे औषध अधिक पसंत केले जाते. नावाने जवळचे असलेले प्रेडनिसोन शरीरात गेल्यावर त्याचे प्रेडनिसोलोन व्हावे लागते. हे रूपांतर मांजराच्या शरीरात पुरेसे होत नाही. म्हणून औषधविक्रेत्याने नावातील साधर्म्यामुळे दुसरीच गोळी दिलेली नाही ना, हे पाहावे. माणसांसाठीच्या गोळ्या ५, १०, २० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या शक्तींच्या असतात. नवे पाकीट आणल्यावर त्यावरील आकडा प्रत्येक वेळी वाचणे हिताचे होय.

निदान आधी, गोळी नंतर

स्टिरॉइड दिल्यावर मांजराची भूक वाढते, उलट्या थांबतात, ते टवटवीत दिसू लागते. परंतु तपासणीपूर्वीच ते सुरू केल्यास लिम्फोमासारख्या रोगाची लक्षणे झाकली जातात आणि आतड्याचा तुकडा तपासूनही निदान निश्चित होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मांजराला लागू पडलेली गोळी आपल्या मांजराला देऊ नये. निदान वेळीच झाल्यास आशेला जागा असते. आतड्यांच्या मंदगती लिम्फोमात प्रेडनिसोलोन व क्लोरॅम्ब्युसिल यांच्या एकत्रित उपचाराने अनेक मांजरे दीड-दोन वर्षे, काही त्याहूनही अधिक काळ सुखाने जगतात.

औषध एकाएकी बंद करू नये

बाहेरून औषध मिळू लागले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम कमी करतात आणि हळूहळू निष्क्रिय होतात. अशा अवस्थेत औषध अचानक थांबविल्यास शरीर निराधार होते. प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या चुकीतून घेतला. घरातील चौदा वर्षांच्या मांजरास चार महिने गोळ्या चालू होत्या. मांजर खाऊ लागले होते, खिडकीत उन्हाला बसू लागले होते. 'आता बरे आहे, उगाच स्टिरॉइड कशाला?' असे एका आप्ताने म्हटले आणि ते पटून आम्ही गोळी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी मांजर खाटेखाली निपचित पडलेले आढळले. मान उचलण्याचेही त्राण त्यात नव्हते. शिरेतून द्रव व औषध देऊन पशुवैद्यकांनी त्याला वाचविले, हे आमचे भाग्य.

मात्रा कमी करावयाची ती पशुवैद्यकांच्याच सल्ल्याने, साधारणतः दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने करावी. लक्षणे आटोक्यात राहतील अशी लहानात लहान मात्रा शोधणे, हे या उपचाराचे ध्येय असते. कधी गोळी एक दिवसाआड देऊनही भागते. एखादी गोळी चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. गोळी अन्नासोबत द्यावी. तिची चव कडू असल्याने ती लोण्यात किंवा मासळीच्या तुकड्यात लपवावी आणि वर थोडे पाणी पाजावे. दीर्घकाळ परिणाम करणारे इंजेक्शन सोयीचे वाटते खरे. परंतु एकदा टोचल्यावर ते परत काढता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कशावर लक्ष ठेवावे?

थोडी अधिक तहान व भूक अपेक्षितच असते. मात्र मांजर सतत पाणी पिऊ लागले, मूत्राचे प्रमाण फार वाढले आणि भरपूर खाऊनही वजन घटू लागले, तर मधुमेहाची शंका घ्यावी. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणे हेही त्याचेच एक लक्षण होय. वेळीच उपचार केल्यास हा मधुमेह पुष्कळदा मागे हटू शकतो. झोपेत श्वासांची गती मिनिटाला तिसाहून अधिक राहू लागल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. जखम न भरणे, कातडी पातळ होऊन फाटणे, काळी विष्ठा होणे, ही लक्षणेही धोक्याची आहेत. आठवड्यातून एकदा वजन करून ते वहीत लिहून ठेवावे. ही वही पशुवैद्यकांना फार उपयोगी पडते.

मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके स्टिरॉइडसोबत दिल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा संभव असतो. पॅरासिटामॉल तर मांजराला कधीही देऊ नये. त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

उपचाराचा हेतू

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज राज्यात ठिकठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांचा लाभ घेण्यात संकोच मानू नये. तथापि असाध्य व्याधीत औषधालाही मर्यादा असते. मांजर खाते का, अंग चाटून स्वच्छ ठेवते का, हाक मारल्यास प्रतिसाद देते का, हे प्रश्न मालकाने स्वतःला वरचेवर विचारावेत. उत्तरे नकारार्थी येऊ लागली, तर पुढील निर्णयाविषयी पशुवैद्यकांशी मोकळेपणाने बोलावे. आमचे मांजर त्या प्रसंगानंतर चौदा महिने जगले आणि त्यांपैकी बहुतेक दिवस त्याने खिडकीतील उन्हातच घालविले. दिवसांची संख्या वाढविण्याइतकेच ते दिवस सुखाचे करणे, हाही या उपचाराचा हेतू आहे. मुक्या जिवाला आपले दुःख सांगता येत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी त्याला घरात आणणाऱ्यांचीच आहे.