गाजरगवत फुलण्याआधीच उपटा

ढाणकीसारख्या गावात दुकान किंवा कारागिरीच्या जोडीला दोन-चार शेळ्या पाळण्याची आमची जुनी रीत. ईदचा बोकड घरी वाढवला तर खर्चही वाचतो. पण गायरानात चारा कमी आणि गाजरगवतच जास्त, मग फायदा कुठला?

हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले व देशभर पसरले. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. उपाशी जनावराने खाल्ले तर दूध कडवट होते, कातडीवर खाज व फोड येतात. अशा जनावराला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार.

एका झाडाला हजारो बिया धरतात. फुलल्यावर उपटून बांधावर टाकणे म्हणजे फुकटची पेरणीच! पावसानंतर जमीन ओली असताना, फुलापूर्वी मुळासकट उपटावे. हातमोजे जरूर घालावेत, उघड्या हाताने उपटणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटलेली आम्ही पाहिली आहे. हे काम दर पावसाळ्यात दोन-तीनदा करावे लागते, एकदा करून भागत नाही.

तणनाशकाची घाई नको. ग्लायफोसेटने चाराही जळतो. शिवाय २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना कित्येकांचे जीव गेले, ते विसरू नये.

पानांवर पट्टेदार मेक्सिकन भुंगेरे दिसले तर मारू नका. १९८४ मध्ये बंगळुरूकडे ते मुद्दाम सोडले होते, गाजरगवताची पाने खाण्यासाठी. रस्त्याच्या कडेला तरोटा पेरला तर तो गाजरगवताला दाबतो. मात्र शेळ्या तरोटाही आवडीने खात नाहीत, म्हणून चराईच्या जागेत तो पेरू नये.