टायरवरचा शिक्का वाचावा कसा? जुन्या अमेरिकी गाड्यांचा असली माल

कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्याच्या टोकाचा शिक्का आधी बघतो आणि पोत नंतर. गिरणीचे नाव, क्वालिटी नंबर, पन्हा, मीटर, सगळे त्या टोकावर असते. टोक कापलेला तागा बाजारात आला की भाव आपोआप खाली येतो. मोटारीच्या टायरलाही असाच शिक्का असतो. फरक इतकाच की तो रबरात उठवलेला असतो आणि गोलाकार फिरलेला असतो, म्हणून वाचायला मान वाकडी करावी लागते.

आज आम्ही अमेरिकेच्या जुन्या 'मसल कार'च्या टायरविषयी लिहीत आहोत. विषय दूरचा वाटेल. पण आखातात गॅरेज, स्पेअर पार्ट, पेंटिंग, सीटचे काम करणारे आपले कारागीर थोडे नाहीत आणि तिकडच्या शौकीन लोकांकडे या गाड्या असतात. अशा गाडीच्या डिकीत पडलेला जुना टायर भंगारात घालायचा की जपायचा, हे ज्याला शिक्का वाचता येतो त्यालाच कळते. न वाचता विकला तर मौल्यवान वस्तू रबराच्या भावात जाते. न वाचता 'असली' म्हणून विकला तर दुकानाच्या नावाला बट्टा लागतो.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत बसवलेले मोठे, ताकदवान इंजिन. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून या गाड्यांची लाट आली. वाढलेले विम्याचे हप्ते, धुराचे नवे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी ती ओसरली. आज या गाड्यांचा शौकीन असे म्हणतो की गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. रंग, बोल्ट, स्टिकर, सगळे त्या वेळचे. शेव्हरोलेट कंपनीच्या कॉर्व्हेट गाडीसाठी तर १९७४ पासून अमेरिकेत एक राष्ट्रीय संस्थाच आहे. तिचे परीक्षक गाडी तपासून गुण देतात आणि त्यात टायरही तपासतात.

प्रथम डोळ्याला दिसणारी खूण घेऊ. साठच्या दशकाच्या मध्यास या गाड्यांच्या टायरवर बारीक लाल रेघ असे. १९६४ च्या जीटीओबरोबर यू. एस. रॉयलचे लाल रेघेचे 'टायगर पॉ' टायर येत. दशक संपता संपता लाल रेघ मागे पडली आणि उठावाची पांढरी अक्षरे आली. १९६९ च्या कॅमॅरो झेड-२८ वर पांढऱ्या अक्षरांचे गुडइयर टायर होते. १९७० च्या हेमी 'कुडा'वर आणि मस्टँग बॉस ३०२ वर गुडइयर पॉलिग्लास जीटी होते. गुडइयरच्या या टायरमध्येही दोन तऱ्हा सापडतात. एकीवर फक्त नाव पांढरे असते, दुसरीवर आकारही पांढऱ्या अक्षरांत असतो. जाणकार खरेदीदार गाडी बनल्याचा महिना पाहून विचारतो की यातली कोणती.

लाल रेघ असो की पांढरे अक्षर, ते रंगाने काढलेले नसते. बाजूच्या काळ्या रबराखाली रंगीत रबराचा थर दिलेला असतो आणि वरचा काळा पापुद्रा घासून काढला की आतला रंग दिसतो. म्हणून कडेला नखाने हलकेच खरवडून पाहावे. पापुद्रा निघून खाली काळे दिसले तर कोणीतरी ब्रश फिरवलेला आहे. मात्र आजच्या टायरवर पक्की लाल रेघ बसवून देणारे कारखानेही अमेरिकेत आहेत. म्हणजे रेघ खरी निघाली एवढ्यावर सौदा करू नये.

आता आकार. १९६४ च्या जीटीओवर '७.५०-१४' असा आकार असे, म्हणजे रुंदी साडेसात इंच आणि रिम चौदा इंच. साधारण १९६८ पासून अक्षराची पद्धत आली, जसे 'एफ ७०-१४'. यातले एफ हे अक्षर टायर किती वजन पेलतो ते सांगते, ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १४ म्हणजे रिम. सत्तरीच्या उत्तरार्धात 'पी २२५/७० आर १४' अशी पद्धत आली, ती आजही चालते. तेव्हा १९६९ च्या गाडीवर 'पी'ने सुरू होणारा आकार दिसला तर पुढे वाचायचे कामच नाही. तो टायर गाडीबरोबर आलेला नाही.

या अक्षराचा पडताळाही बाजूवरच लिहिलेला असतो. एफ आकाराच्या साध्या टायरवर ३२ पौंड हवेला १,५०० पौंड वजन, ई वर १,४०० आणि जी वर १,६२० असते. अक्षर एक आणि वजन दुसरेच असेल तर गडबड समजावी.

यापुढचा मजकूर आम्हा कापडवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. टायर हे मुळात कापडच आहे. दोऱ्याचे थर रबरात बुडवून एकावर एक घातलेले असतात आणि त्या थराला 'प्लाय' म्हणतात. अमेरिकेच्या सुरक्षा नियमाप्रमाणे कोणता दोरा किती थरांत घातला आहे, हे बाजूवर लिहावेच लागते. आम्ही ताग्यावर टेरीन-कॉटनची टक्केवारी वाचतो तसेच हे. पॉलिग्लासचे नावच दोऱ्यावरून आले आहे, कारण त्यात अंगाला पॉलिएस्टर आणि वरच्या पट्ट्याला काचेचा धागा आहे. त्याच्या बाजूवर 'ट्रेड ४ प्लाय' असे लिहून २ पॉलिएस्टर अधिक २ फायबरग्लास असा हिशेब दिलेला असतो, आणि बाजूला फक्त २ पॉलिएस्टर.

पॉलिएस्टरच का? नायलॉन मजबूत खरा, पण गाडी रात्रभर उभी राहिली की नायलॉनचा टायर खाली चपटा होतो आणि सकाळी गरम होईपर्यंत गाडी धडधडते. डेट्रॉइटच्या कंपन्यांना ही तक्रार नको होती. आपल्याकडे ट्रकच्या टायरमध्ये नायलॉनने वर्षानुवर्षे राज्य केले, कारण तिथे धडधडीपेक्षा बोजा आणि खड्डे महत्त्वाचे. सांगायचा मुद्दा असा की वर पॉलिग्लास लिहिलेले आणि खाली दोऱ्याच्या जागी स्टीलचा पट्टा असेल, तर ते कापड त्या नावाचे नव्हे. 'रेडियल' हा शब्दही शोधावा. टायर रेडियल असेल तर तो लिहिणे कायद्याने बंधनकारक होते, आणि साठच्या दशकातल्या मसल कारचे टायर बहुतेक सगळे तिरप्या दोऱ्याचे होते.

राहिला तारखेचा प्रश्न. इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून नीट वाचावे.

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारीच्या टायरवर 'डीओटी' ही अक्षरे आली. ती तिथल्या वाहतूक खात्याची खूण आहे. म्हणजे १९६५ च्या गाडीवरच्या टायरला डीओटी असेल तर तो नंतर बदललेला टायर. पुढे २२ मे १९७१ पासून डीओटीपुढे पूर्ण क्रमांक देण्याची सक्ती झाली. त्यात आधी कारखान्याचा कोड, मग आकाराचा, आणि शेवटी तीन आकडे तारखेचे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि तिसरा वर्षाचा. '२८३' म्हणजे १९७३ चा अठ्ठाविसावा आठवडा.

पण १९८३ चाही अठ्ठाविसावा आठवडा '२८३'च होतो. तीन आकड्यांत दशक नाही, हा या पद्धतीतला ऐब. म्हणून २००० पासून चार आकडे आले, '२८०३' म्हणजे २००३. तीन आकड्यांचे दशक दुसऱ्या खुणांवरून काढावे लागते. 'ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर' असे शब्द असतील तर टायर १९७९ च्या आधीचा नाही. आणि १९६९ च्या गाडीला असली म्हणून दाखवलेल्या टायरवर कारखाना, आकार, आठवडा, वर्ष असा पूर्ण क्रमांक असेल, तर विकणाऱ्याला खुशाल विचारावे की १९७१ चा नियम त्याला दोन वर्षे आधी कसा लागला. अमेरिकेत १९७० चे मॉडेल १९६९ च्या शरद ऋतूतच दुकानात येई, हेही हिशेबात धरावे.

हा क्रमांक एकाच बाजूला देण्याची मुभा होती. टायर बसवताना पांढरी अक्षरे बाहेर ठेवतात, त्यामुळे क्रमांक बहुधा आतल्या बाजूला जातो. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन गाडीखाली वाकल्याशिवाय तो दिसत नाही. तिथे रबर घासून गुळगुळीत केलेले दिसले तर ते टोक कापलेल्या ताग्यासारखेच समजावे.

घासण्याचे कारण उघड आहे. जुन्या साच्याचे हुबेहूब नवे टायर आज राजरोस बनतात. टेनेसी राज्यातली कोकर कंपनी फायरस्टोन वगैरे जुन्या नावांचे बनवते, तर मिसूरीतली केल्सी कंपनी गुडइयरच्या परवान्याने बनवते. त्यात खोटे काही नाही. त्यांचा ग्राहक गाडी रस्त्यावर चालवतो, त्याला नवे रबर आणि जुना चेहरा हवा असतो. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा मधला माणूस तारीख घासून तोच टायर पन्नास वर्षांपूर्वीचा म्हणून खपवतो.

असली टायर मिळण्याची सर्वांत मोठी आशा स्टेपनीत असते. चार चाकांचे टायर एक-दोन वर्षांत झिजून गेले, पण पाचवा अनेकदा डिकीतच राहिला. म्हणून जुनी गाडी खोलताना स्टेपनी आधी बाजूला काढावी, तिचे चारी बाजूंनी फोटो घ्यावेत आणि टायर रिमवरून उतरवण्याची घाई करू नये. रिमवरही शिक्का असतो, दोघांची जोडी जुळली तर किंमत वाढते. कारखान्याचा 'बिल्ड शीट' नावाचा कागद कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला मिळतो. त्यावर टायरचाही कोड असतो, म्हणून सीटचे काम करणाऱ्यांनी जुने कागद फेकू नयेत.

इतका जुना टायर रस्त्यासाठी मात्र नाही. नक्षी पूर्ण असली तरी रबर आतून सुकलेले असते आणि वेगात थर सुटतात. मिशलिन कंपनी दहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगते, मग तो दिसायला कसाही असो. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला, त्याचे कारण तपासात अतिवेग ठरले, पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते याचीही पोलिसांनी नोंद घेतली.

म्हणून असली टायर विकताना बिलावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: बाजूवरचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा, क्रमांक आहे की नाही, दुरुस्ती किंवा रंग केला असल्यास तो, आणि 'फक्त प्रदर्शनासाठी, चालवण्यासाठी नाही' ही ओळ. विक्री होईपर्यंत टायर उन्हापासून आणि चालत्या विजेच्या मोटारीपासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवावा. तेल किंवा पॉलिश लावू नये.