जुन्या लॅपटॉपला हात लावण्याआधी

डिचोली, जानेवारी २०२६

चि. बाय,

भावजींचा लॅपटॉप आता कामातून गेला, विंडोज १० ची मुदतही संपली, म्हणून नवा घ्यायचं चाललंय असं तू लिहिलंस. घ्यायला माझी हरकत नाही. पण तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालाय, तो आधी सोडवूया. मशीन संथ झालंय ही एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले ही दुसरी. दोन्हींची कारणं निराळी, उपायही निराळे.

लॅपटॉप २०१४ चा, चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा. लिहिणं, हिशेब, इंटरनेट, व्हिडिओ यांना तो प्रोसेसर आजही पुरतो. सगळं अडतं हार्ड डिस्कपाशी. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते, आणि वाचणारा दांडा वेगवेगळ्या जागी जाऊन सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचू शकतो. विंडोज उघडताना तर हजारो बारीकसारीक फायली वाचाव्या लागतात. स्वतःच पाहा: टास्क मॅनेजर उघड. डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के आणि सीपीयूच्या रकान्यात दहा-पंधरा दिसले, तर दोष कुठे आहे ते दुकानदाराला विचारायला नको. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घातलीस की हेच मशीन ओळखू येणार नाही. एनव्हीएमई नावाची पातळ पट्टी मात्र घेऊ नकोस, या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपात तिला जागाच नसते. रॅम ४ जीबी आहे, ती ८ कर. घेताना डीडीआर३एल असं लिहिलंय ना ते बघ. शेवटचा ‘एल’ महत्त्वाचा: ती १.३५ व्होल्टवर चालते, आणि या पिढीच्या लॅपटॉपांना बहुधा तीच लागते. साधी १.५ व्होल्टची बसेल, पण मशीन बहुधा सुरू होणार नाही.

पण बाय, हे सगळं नंतर. आधी आतलं सांभाळ.

त्या डिस्कवर भावजींच्या नाटकांच्या संहिता आहेत. पेडण्यात नाटक म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. कुठल्या जत्रेत कुठला प्रयोग झाला हे माणसांच्या तोंडी राहतं, पण संवाद लिहिलेल्या कागदाला वाळवी लागते. त्यांनी ते टाइप करून ठेवले, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्या काळी बरंचसं मराठी टायपिंग व्हायचं ते श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये. तिथे जे ‘क’ म्हणून दिसतं ते आतून भलतंच रोमन अक्षर असतं, आणि फाँट आहे तोवरच ते मराठी दिसतं. फायली नुसत्या उचलून नव्या मशीनवर नेल्यास तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतील, आणि संहिता खराब झाल्या असं समजून कोणीतरी त्या पुसून टाकेल. म्हणून जुनी विंडोज जिवंत आहे तोवर प्रत्येक संहिता उघड आणि तिची पीडीएफ करून ठेव. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. मूळ फायली आणि फाँटही जपून ठेव. पुढे सवडीने त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर कर, तेव्हा एकेक पान पीडीएफशी ताडून बघ. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. हे काम तूच कर, कारण भावजींची भाषा तुझ्या कानात आहे. दुकानातल्या पोराला ‘मेल्या’ कुठे रागाने म्हटलंय आणि कुठे मायेने, ते कसं कळणार?

नकला दोन ठिकाणी ठेव. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघ. पिवळा इशारा दिसला तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढ, आणि तोवर तिच्यावर दुसरं कुठलंच काम करू नकोस.

मग जुनी डिस्क काढून एसएसडी बसव. असं केल्याने नवी सिस्टीम घालताना काही चुकलं तरी जुन्या डिस्कला धक्का लागत नाही. ती यूएसबीला जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये घालून ठेव.

उघडलाच आहेस तर पंखाही साफ कर. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आत बसते. तुमच्याकडे किनाऱ्यावर खारा वारा असतो, त्याने स्क्रू गंजतात, म्हणून मापाचाच स्क्रूड्रायव्हर घे, नाहीतर खाच झिजेल. बॅटरी आधी सोडव. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट मात्र माझ्याकडे आल्यावर बदलू.

आता सिस्टीम. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ते दोन्ही इथे नाही. आडवाटेने ती बसवणारे भेटतील, पण पुढे अपडेटची खात्री कोण देणार? माझं मत लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला. ८ जीबीची पेनड्राइव्ह तयार कर, तिच्यावरून मशीन सुरू कर, आणि काहीही इन्स्टॉल न करता आधी वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड तपास. वायफाय पकडत नसेल तर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापर आणि ड्रायव्हर उतरव. मराठीसाठी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड मिळतो, लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट चालते. कॉलेजच्या टॅलीला विंडोजच लागते, तेव्हा एसएसडीचे दोन भाग कर, विंडोज १० आधी घाल आणि मिंट नंतर. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदव. त्यानंतर विंडोजच्या भागाला इंटरनेट नको. बॅटरी मेलेली आहे, म्हणून इन्स्टॉल करताना इन्व्हर्टरवर लाव. पेडण्याची वीज मध्येच गेली तर काम अर्धवट राहील.

लिनक्स आपल्याकडे परकी नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातले वापरलेले संगणक आणून गोव्यातल्या शाळांना दिले आणि त्यांच्यावर लिनक्स चालवली. एका दणकट संगणकाला बाकीचे जुने जोडायचे, काम तो करणार आणि पडदे त्या जुन्यांचे, अशीही रचना त्यांनी वापरली. इतरांनी मोडीत काढलेल्या यंत्रांवर इथली मुलं शिकली, याचा मला अभिमान वाटतो. आता पेडण्यातच तुये इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी वसाहत उभी राहतेय. तिथे उद्या नोकरी शोधणाऱ्या पेडण्याच्या मुलीने एकदा तरी स्वतःच्या हाताने मशीन उघडलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

मदरबोर्ड बिघडला असेल किंवा स्क्रीनच गेली असेल तर खर्च करू नकोस, तेव्हा नवाच घेऊ. एसएसडी तरीही वाया जाणार नाही, केसिंगमध्ये घालून वापरता येईल. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नकोस, चार्जिंगला लावू नकोस, सुक्या कचऱ्यातही टाकू नकोस. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

लॅपटॉपच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो आजच पाठव, म्हणजे मी रॅम बघून ठेवतो. संहितांच्या पीडीएफ झाल्या की शनिवारी म्हापशाला बस बदलून इकडे ये, पेस्टचं काम उरकू. येताना चार्जर आण. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा