जामुलच्या शिबिराला जाण्याआधी

सोलापूर

चि. नेहास,

छत्तीसगडमधल्या जामुलच्या कर्करोग तपासणी शिबिरात तुम्हा विद्यार्थ्यांकडे फक्त नावं लिहायचं आणि रक्तदाब मोजायचं काम आलंय म्हणून तू खट्टू झालीस. नावं लिही, पण तेवढ्यावर घरी येऊ नकोस. तुमच्या मॅडमना विचारून अनुभवी सिस्टरच्या शेजारी हातमोजे घालून उभी राहा.

सुरुवात तोंडापासून कर. सिमेंट कारखान्याच्या त्या वस्तीत ‘तंबाखू खाता का?’ विचारलंस, तर बऱ्याच बायका नाही म्हणतील. ‘गुडाखू घिसती हो क्या?’ असं विचार. त्यांच्या लेखी ते मंजन आहे, पण असतो तंबाखूच. मग बॅटरी घेऊन गाल बाहेर ओढ, गाल आणि हिरडीमधली खाच बघ. जीभ गॉजने धरून दोन्ही कडा बघ, जिभेखाली बोट फिरव. नुसतं ‘आ करा’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमक्या याच जागा सुटतात.

गर्भाशयमुखाची तपासणी सिस्टर करतील, तेव्हा घड्याळ तू धर. ॲसिटिक ॲसिड लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. रांग वाढली की सगळ्यात आधी कात्री लागते ती या मिनिटाला. एवढ्याशा तपासणीने काय होतं, असं तुमच्यातला कुणीतरी हुशार म्हणेलच. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत करवली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र ती एकदाच झाली आणि मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. तिथेच एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुमच्याकडे ती चाचणी नसेल, तर प्रत्येकीच्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख घाल.

स्तनतपासणी मॉडेलवर हात बसल्याशिवाय करू नकोस. तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं, मग दाबून. काखही सोडायची नाही.

चट्टा दिसला तर तोंडावर ‘कॅन्सर’ म्हणू नकोस, आणि ‘मोठ्या दवाखान्यात जा’ एवढ्यावरही सोडू नकोस. दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी, कोणत्या खोलीत जायचं, ते आधीच विचारून ठेव. शक्य असेल तर मितानिनला, म्हणजे तिथल्या आशाताईला, सोबत पाठव; तिचा शब्द तुमच्या ॲप्रनपेक्षा जास्त चालतो.

गॉज घरून ने. शिबिरात तो दुपारीच संपतो.

तुझी
मावशी