भेटी मोजाव्यात की कामे? शासकीय संकेतस्थळांविषयी काही प्रश्नोत्तरे

चंडीगड हे अवघे ११४ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १०,५५,४५० होती. १ नोव्हेंबर १९६६ रोजी ते केंद्रशासित प्रदेश झाले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांचा कारभारही तेथूनच चालू लागला. शेजारचे मोहाली पंजाबात, तर पंचकुला हरियाणात मोडते. परिणामी एकाच नागरी वस्तीत वाहनांवर 'सीएच ०१', 'पीबी ६५' आणि 'एचआर ०३' असे तीन क्रमांक दिसतात.

आता या वस्तीतील एखादा रहिवासी संगणकावर 'चंडीगड वाहन परवाना' असे शब्द टाकून शोध घेतो अशी कल्पना करा. त्याच्यासमोर तीन शासनांची, शिवाय खासगी दलालांचीही पाने येऊ शकतात. त्यांपैकी वरच्या स्थानी कोणते पान यावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक उरत नाही. तो सुशासनाचा प्रश्न ठरतो. ई-प्रशासनाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांना या संदर्भात पडणाऱ्या काही प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

प्रश्न १ : सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे काय?

सर्च इंजिनचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याची स्वयंचलित प्रणाली दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचते. नंतर त्यातील मजकुराची सूची तयार करते. आणि शेवटी विचारलेल्या शब्दांशी सुसंगत अशी पाने क्रमाने मांडते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, एखाद्या पानाकडे इतर किती व कोणत्या पानांनी निर्देश केला आहे, यावर त्याचे महत्त्व ठरत असे. आज त्यात इतर अनेक निकषांची भर पडली आहे. आपले पान या यंत्रणेला नीट वाचता यावे आणि योग्य वाचकापर्यंत पोहोचावे, यासाठी केलेली मांडणी म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, मराठीत 'शोधसुलभता'.

प्रश्न २ : पैसे देऊन वरचे स्थान मिळते काय?

जाहिरातीची जागा विकत मिळते आणि तीवर तसा उल्लेख असतो. मूळ शोधक्रमातील स्थान मात्र विकत मिळत नाही. तथापि, क्रम लावणारी कंपनी स्वतःच्या सेवांना झुकते माप देऊ शकते, ही शंका निराधार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ही संकल्पना अभ्यासताना हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

प्रश्न ३ : शासनाला स्पर्धक नाही, मग त्याने याची चिंता का करावी?

अधिकृत पान सापडले नाही, तर नागरिक जे सापडेल त्यावर विसंबतो. खरे आणि बनावट यांतील फरक ग्राहकाला कळत नसेल, तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. माहितीच्या बाजारालाही हाच न्याय लागू होतो. शासकीय पत्त्याच्या शेवटी सामान्यतः 'जीओव्ही डॉट इन' असते आणि ही नावे खासगी व्यक्तीला मिळत नाहीत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्ता तपासावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. पण प्रसिद्ध झालेली माहिती कोणाला सापडतच नसेल, तर कायद्याचा हेतू अर्धाच साध्य होतो.

प्रश्न ४ : पान न सापडण्याची कारणे कोणती?

पहिले कारण भाषेचे. नागरिक 'घरपट्टी' शोधतो आणि पानावर केवळ 'मालमत्ता कर' असते. तो 'दाखला' म्हणतो, कार्यालय 'प्रमाणपत्र' लिहिते. पानावर दोन्ही शब्द असावेत. दुसरे कारण लिपीचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी पाने विशिष्ट फाँटवर अवलंबून होती. पडद्यावर देवनागरी दिसे. यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे दिसत. छायाचित्ररूपाने चढविलेल्या परिपत्रकांचीही आजवर बहुधा हीच गत होते.

तिसरे कारण स्थलांतराचे. चंडीगडचे वीज वितरण १ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रशासनाच्या विभागाकडून खासगी कंपनीकडे गेले. अशा वेळी जुन्या पानावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी निर्देश दिला नाही, तर ग्राहक जुन्याच दाराशी उभा राहतो. चौथे कारण संदिग्धतेचे. 'सेक्टर १७' चंडीगडमध्ये आहे, तसेच वाशीतही आहे. म्हणून प्रत्येक पानाच्या शीर्षकात शहराचे आणि कार्यालयाचे नाव स्पष्ट असावे.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांगांना वापरता येईल असे पान यंत्रालाही अधिक सुलभपणे वाचता येते, हा त्यातील एक आनुषंगिक लाभ होय.

प्रश्न ५ : संकेतस्थळाच्या आकडेवारीत काय मोजले जाते?

किती उपकरणांवरून भेटी झाल्या, वाचक कोठून आले, कोणती पाने पाहिली आणि कोठून परत गेले, हे त्यातून कळते. येथे 'उपकरण' या शब्दाकडे लक्ष द्यावे. चंडीगडमध्ये २००४ पासून संपर्क केंद्रांतून वीज-पाण्याची देयके भरण्यासारख्या सेवा एकाच छताखाली दिल्या जाऊ लागल्या. अशा केंद्रातील एका संगणकावरून पन्नास जणांसाठी संकेतस्थळ उघडले गेले, तरी मोजणीत ते एकच वाचक ठरू शकते. उलट एकच व्यक्ती मोबाइल आणि संगणक वापरत असेल, तर ती दोनदा मोजली जाऊ शकते.

प्रश्न ६ : भेटी वाढल्या म्हणजे सेवा सुधारली काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कर भरण्याच्या पानाला एका महिन्यात २०,००० भेटी झाल्या. ५,००० जणांनी अर्ज भरण्यास सुरुवात केली. ३,००० जणांचा भरणा पूर्ण झाला. भेटींच्या तुलनेत पूर्तता १५ टक्के आहे. पण सुरुवात करणाऱ्यांपैकी ४० टक्के लोक मध्येच थांबले, हीच खरी बातमी होय. पुढील महिन्यात भेटी ३०,००० झाल्या आणि भरणा ३,००० वरच राहिला, तर भेटी ५० टक्क्यांनी वाढूनही पूर्तता १० टक्क्यांवर घसरली. कदाचित तीच माणसे पुनःपुन्हा येऊन हताश होत असतील. याउलट, एकच पान पाहून निघून गेलेला वाचक असमाधानीच असेल असे नाही. त्याला हवा तो दूरध्वनी क्रमांक मिळालाही असेल.

मापक हेच उद्दिष्ट बनले की ते चांगले मापक उरत नाही. चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील विवेचनातून निघालेला हा नियम येथे लागू पडतो. केंद्र सरकारची 'ई-ताल' ही प्रणाली म्हणूनच भेटी मोजत नाही, तर सेवांचे इलेक्ट्रॉनिक व्यवहार मोजते.

प्रश्न ७ : ही मोजणी खासगीपणावर आक्रमण नव्हे काय?

मर्यादा न पाळल्यास होऊ शकते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पान कोठे अडते हे जाणण्यासाठी, ते कोणी उघडले हे जाणण्याची गरज नसते. एकत्रित आकडे पुरेसे असतात.

सारांश, शोधसुलभता नागरिकाला योग्य दारापर्यंत आणते. दार उघडले की नाही, हे आकडेवारी सांगते. दोन्हींची कसोटी एकच : नागरिकाचे काम कमी वेळात, कमी खर्चात आणि मध्यस्थाविना झाले काय? परीक्षेत ई-प्रशासनाच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना केवळ सुरू झालेल्या संकेतस्थळांची संख्या देऊन थांबू नये. ही कसोटी लावून उत्तर लिहावे.

सरावासाठी प्रश्न

१. 'माहिती प्रसिद्ध करणे आणि माहिती उपलब्ध होणे यांत अंतर आहे.' माहितीच्या अधिकाराच्या संदर्भात चर्चा करा.
२. संकेतस्थळाच्या भेटींची संख्या हा सेवागुणवत्तेचा अपुरा निदर्शक का आहे? उदाहरणासह स्पष्ट करा.
३. आपल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर उत्पन्नाच्या दाखल्याची माहिती शोधा. किती टप्प्यांत सापडली ते नोंदवा आणि दोन सुधारणा सुचवा.