एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक

एक छोटे उदाहरण सोडवा. वस्तुमान २ किलोग्रॅम, वेग दर सेकंदास ३ मीटर. गतिज ऊर्जा किती? ९ ज्यूल. आता हेच गणित पायथॉन या संगणकभाषेत १/२*२*३*३ असे लिहा. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत उत्तर ९ येते. दुसऱ्या आवृत्तीत शून्य! तेथे पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो. १/२ म्हणजे ०, मग पुढे कशानेही गुणा.

समजा, शाळेतील एका उपकरणाची आज्ञावली जुन्या आवृत्तीवर बेतलेली आहे आणि वर्गाला शिकायची आहे नवी. संगणक मात्र एकच. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी नांदू शकतात, हे खरे. पण जुन्या आज्ञावलीला साहाय्यक फायलीही जुन्या लागतात, कधी कधी विंडोजसुद्धा जुनेच लागते. मग एकाने आपल्या सोयीचे बसवले की दुसऱ्याचे मोडते.

यावरचा उपाय म्हणजे आभासी संगणक, अर्थात व्हर्च्युअल मशीन. ‘आभासी’ शब्दाने फसू नका. आरशातील आभासी प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. हा संगणक मात्र खरीखुरी आकडेमोड करतो. हायपरव्हायजर नावाची आज्ञावली खऱ्या संगणकाच्या स्मृतीतील काही भाग पाहुण्याला देते आणि डिस्कवरची एक मोठी फाईल त्याच्यापुढे ‘ही तुझी डिस्क’ म्हणून ठेवते. त्या डिस्कवर जुने विंडोज बसवा, जुने पायथॉन बसवा. यजमानाच्या फायलींना धक्का लागत नाही.

मग पाहुण्याच्या आज्ञा कोण पाळतो? बेरीज-गुणाकार खरा प्रोसेसरच थेट करतो, म्हणून वेग फारसा घटत नाही. परंतु यंत्राच्या नियंत्रणालाच हात घालणारी आज्ञा आली की हायपरव्हायजर ती मध्येच अडवतो आणि पाहुण्यापुरतीच अमलात आणतो. सारी गंमत या अडवण्यात आहे! आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांवर ते १९६७ पासून जमत होते. १९७२ साली कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. घरगुती संगणकांतील इंटेल प्रोसेसरमध्ये मात्र अशा काही आज्ञा न अडताच निसटत. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये त्या चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरली. २००५ पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय केली.

हे फुकट मिळत नाही. ८ गिगाबाइट स्मृतीतून पाहुण्याला ४ दिले की यजमानाला उरतात ४. नुसत्या पायथॉनच्या भांडणासाठी एवढा खटाटोप मला तरी जास्त वाटतो. त्याला प्रत्येक कामाचे वेगळे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ पुरते. ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी हवी असेल तेव्हा हा मार्ग घ्यावा.

शिक्षकांसाठी एक सोय: पाहुण्याची स्थिती ‘स्नॅपशॉट’ म्हणून जपून ठेवता येते. तासाभरात मुलांनी काहीही उलथेपालथे केले, तरी ती स्थिती क्षणात परत आणता येते. मात्र मुलांनी पाहुण्याच्या डिस्कवर ठेवलेले कामही त्याबरोबर पुसले जाते. तेव्हा निरीक्षणांची फाईल आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.